टक्क्यांत न मावणारी जखम

शिंगाळ्याचा काटा लागला म्हणून लगेच दवाखाना गाठायचा, अशी रीत कोळीवाड्यात नाही. जाळं झाडताना पाठीवरचा नाहीतर कल्ल्यामागचा करवती काटा तळव्यात शिरतो आणि कळ पार खांद्यापर्यंत जाते. हात सोसवेल इतक्या कढत पाण्यात धरायचा, फडकं गुंडाळायचं आणि पुन्हा मासळी निवडायला बसायचं. काळजी असते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची. तळवा टरटरून फुगला, लाल रेघ मनगटावरून वर चढू लागली, अंगात ताप भरला, म्हणजे मग रिक्षा. खाऱ्या पाण्यातले जंतू जखमेत गेले आणि माणसाला आधीच साखर असली किंवा दारूनं यकृत खालावलेलं असलं, तर दोन दिवसांत हातावर आणि कधी जिवावर बेतू शकतं. काटा तोच असतो. एकाचा हात आठवड्यात पूर्ववत होतो, दुसऱ्याचा कापावा लागतो.

दिवाळे हे बेलापूरच्या पायथ्याशी पनवेल खाडीच्या तोंडावर वसलेलं कोळ्यांचं गाव. दिवाळीत इथे बहिरीदेवाची जत्रा असते, एरवी जेट्टीवर डिझेल आणि ओल्या जाळ्याचा वास. नवी मुंबई शहर सिडकोनं १९७० नंतर उभं केलं, त्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव इथे आहे. पाठीमागे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं एमआयडीसीचा टीटीसी औद्योगिक पट्टा, पलीकडे तळोजा, खाडी ओलांडली की उरणचं बंदर. पट्ट्यातल्या कोळी-आगरी गावांतल्या घरांमध्ये एक भाऊ होडीवर आणि दुसरा ठेकेदाराकडे कंपनीत, हे चित्र जुनं झालं. त्यामुळे एकाच घरात दोन प्रकारच्या जखमा येतात, आणि त्या दोन जखमांना देशाचा कायदा अगदी वेगळं वागवतो. हा लेख त्यातल्या एका अडचणीच्या जागेविषयी आहे: अपघात होतो त्या दिवशी नव्हे तर त्यानंतर आठवड्यांनी, महिन्यांनी जे बिघडतं, त्याची भरपाई कोण देतो?

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. मुंबईच्या कामगार चळवळीचे पितामह नारायण मल्हार जोशी, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे, त्या काळात केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. गिरण्यांच्या, गोदीच्या, रेल्वेच्या त्या मुंबईत हात-पाय गमावलेल्या माणसाला मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागू नये, हे या कायद्याचं मोठेपण. अपघात ‘कामातून आणि कामाच्या ओघात’ झाला एवढं दाखवलं की पुरे. मालक निष्काळजी होता का, यंत्र जुनं होतं का, हे प्रश्न गैरलागू. २००९ च्या दुरुस्तीनं नाव बदलून ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायदा’ झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेनं त्याची जागा घेतली. पण कोर्टांत साचलेले दावे जुन्याच कायद्याचे आहेत, आणि नव्या संहितेतला हिशोबही मुळात तोच आहे.

या कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे. कामगार वकिलांना तो तोंडपाठ असतो. अख्खा अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी संपूर्ण गेली तर १४, दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९, हाडाला धक्का न लागता नुसतं टोक उडालं तर ५. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०, पंजा गेला तर ६०. दंडाच्या बाबतीत तर खांद्याच्या हाडाच्या टोकापासून २०.३२ सेंटिमीटरच्या आत हात कापला असेल तर ८० टक्के आणि त्याच्या खाली असेल तर ७०. हा आकडा म्हणजे जुने आठ इंच. इंचांचे सेंटिमीटर झाले, बाकी टेप तीच राहिली. डोळ्यासाठी तक्ता म्हणतो: एक डोळा गेला, गुंतागुंत नाही, दुसरा डोळा नीट आहे, तर ४० टक्के. ‘गुंतागुंत नाही’ ही अट तक्त्यातच लिहून ठेवलेली आहे. गुंतागुंत झाली तर किती, हे मात्र तिथे नाही.

आकड्यांत बोलू. समजा पस्तिशीतला एक प्रेस ऑपरेटर आहे, पगार पंधरा हजार. (कायद्यासाठी पगाराची कमाल मर्यादाही ३ जानेवारी २०२० पासून तेवढीच धरलेली. त्याला बावीस हजार मिळत असले तरी हिशोब पंधराचा.) पगाराचे साठ टक्के म्हणजे ९,०००. पस्तिसाव्या वर्षाचा गुणक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४० रुपये, ही झाली शंभर टक्के अपंगत्वाची रक्कम. पॉवर प्रेसमध्ये डाय खाली आली आणि तर्जनीचं एक पेर गेलं, तर ९ टक्क्यांनी त्याला मिळतात सुमारे एक लाख साठ हजार. ठेकेदार त्याला खासगी रुग्णालयात भरती करतो, बिल भरतो, पंधरा दिवसांनी टाके निघतात, ‘हलकं काम देऊ’ असा शब्द मिळतो.

आता पुढचं. दीड महिना झाला तरी हात जळजळतो. पंख्याची झुळूकसुद्धा सोसत नाही. कातडी चकचकीत, कधी लाल, कधी निळसर. घाम एकाच हाताला. मूठ वळत नाही. एक्स-रे स्वच्छ, जखम भरलेली. वैद्यकशास्त्राला हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. दुखापतीनंतर वेदनेचा आणि रक्तवाहिन्यांचा ताळतंत्र बिघडतो, जखम लहान असली तरीही. पण सुपरवायझरला त्यात फक्त नाटक दिसतं. मूठ कायमची गेली तर व्यवहारात त्या माणसाचा पंजाच गेला. पंजाचे ६० टक्के म्हणजे १०,६४,१२४ रुपये. एक लाख साठ हजार आणि साडेदहा लाख यांच्यामध्ये त्या पंधरा दिवसांनंतरचं सगळं आयुष्य पडलेलं आहे.

कायद्यात याला वाट नाही असं नाही. तक्त्यात नसलेल्या दुखापतीसाठी पात्र डॉक्टरनं कमाईची क्षमता किती गेली ते ठरवायचं, तक्त्यातले टक्के फक्त नजरेसमोर ठेवायचे, अशी तरतूद आहे. आणि तक्त्यातल्या टक्क्यांवर सर्वोच्च न्यायालयानं १९७५ च्या डिसेंबरातच मोठं भगदाड पाडलं आहे. ओडिशातल्या एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार १९६८ साली पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, तक्त्याप्रमाणे टक्के लावा. न्यायालय म्हणालं, सुतार एका हातानं सुतारकाम करू शकत नाही, नुकसान शंभर टक्के. ‘प्रताप नारायण सिंग देव’ या नावानं हा निकाल आजही रोज कुठल्या ना कुठल्या कामगार न्यायालयात वाचला जातो. त्याच निकालानं हेही ठरवलं की भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय असते, कोर्टानं आकडा काढला त्या दिवसापासून नव्हे. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, सबळ कारण नसेल तर वर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. व्याज विमा कंपनी भरते, दंड मालकाच्या खिशातून जातो, हे १९९७ पासून स्पष्ट आहे.

मग अडतं कुठे? अडतं ते जोडणीत. जखम एका दिवसाची असते, तिचं पुढचं लांबलेलं दुखणं दुसऱ्याच केस पेपरवर असतं. पहिला केस पेपर कंपनीनं नेलेल्या रुग्णालयाचा, दुसरा गावातल्या डॉक्टरचा, तिसरा महापालिकेच्या रुग्णालयाचा. पहिल्यावर ‘यंत्रात बोट सापडलं’ लिहिलेलं असतं. पुष्कळदा तेही नसतं, ‘घरी पडला’ असतं, कारण भरती करताना माहिती देणारा ठेकेदाराचा माणूस असतो. तिसऱ्यावर नुसतं ‘हाताला सूज व वेदना’. मधला दुवा कुणी लिहीतच नाही. आणि नुकसानभरपाईच्या खटल्यात तो दुवा म्हणजे सगळं काही.

हा दुवा किती लांब ताणता येतो, याचं उत्तर मुंबईच्याच गोदीत दिलं गेलं आहे. बॉम्बे पोर्ट ट्रस्टचा एक पहारेकरी, आधीच हृदयविकार असलेला, रात्रपाळीवर असताना छातीत कळ येऊन दगावला. विधवा, लक्ष्मीबाई, उच्च न्यायालयात गेली. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या खंडपीठानं जे तत्त्व मांडलं ते १९५४ च्या विधि-अहवालांत छापलं गेलं आणि पुढे देशभर उद्धृत झालं. सोप्या भाषेत ते असं: माणूस आपल्या आजारानं, नैसर्गिकपणे मेला तर मालक जबाबदार नाही. पण कामानं त्या आजाराला हातभार लावला, मृत्यू लवकर आणला, आजार आणि काम दोघांनी मिळून जीव घेतला, तर तो मृत्यू कामातून झालेला आहे. मालकाला कामगार धडधाकटच मिळायला हवा होता, अशी तक्रार चालत नाही.

साखरेच्या रुग्णाला हेच तत्त्व लागू पडतं. तळोज्यात लोखंडी पट्टी पायावर पडते, अंगठ्याचं नख निघतं. साखर असलेल्या माणसाचा अंगठा काळा पडतो, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. विमा कंपनीचा वकील म्हणणार, पाय मधुमेहानं गेला. मधुमेह दहा वर्षं होता आणि पाय दहा वर्षं होता. पट्टी पडल्यावर तो गेला. हा साधा तर्क कोर्टात चालतो, पण त्याला डॉक्टरची सही लागते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शकुंतला श्रेष्टी यांच्या खटल्यात, वाहनावरच्या क्लीनरच्या हृदयविकाराच्या मृत्यूबाबत, नेमकं हेच सांगितलं. कामाच्या ताणानं मृत्यूला हातभार लावला, याचा पुरावा दाखवल्याशिवाय भरपाई देता येणार नाही. लक्ष्मीबाई आणि श्रेष्टी, दोन्ही निकालांतलं तत्त्व एकच. हातात काय कागद होता यावर निकाल फिरला.

म्हणून एक गोष्ट कठोर वाटली तरी लिहितो. पायाला प्लास्टर घालून घरी पडलेला माणूस तीन आठवड्यांनी एकाएकी धाप लागून जातो. बहुधा पायातल्या शिरेत गोठलेली रक्ताची गाठ फुप्फुसात गेलेली असते. घरचे, आणि हे समजण्यासारखं आहे, शवविच्छेदन नको म्हणतात. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच येतं. दोन वर्षांनी वकिलासमोर बसल्यावर अपघात आणि मृत्यू यांना जोडणारा एकही कागद नसतो. शवविच्छेदनाला हो म्हणणं कोणत्याही आईला जड असतं. तरीही त्या घरात एखादा शहाणा नातेवाईक असावा आणि त्यानं त्या क्षणी हो म्हणावं.

कायद्यातलं एक पोटकलम मला फार खटकतं. कलम ११ नुसार दुखापतीची सूचना मिळाल्यावर तीन दिवसांत मालक कामगाराला आपल्या डॉक्टरकडून फुकट तपासून घेऊ शकतो. कामगारानं नकार दिला तर त्याचा हक्क तेवढ्यापुरता स्थगित. पुढे सहाव्या पोटकलमात असं आहे की मालकानं देऊ केलेले फुकट उपचार कामगारानं नाकारले, किंवा सूचना मुद्दाम पाळल्या नाहीत, आणि ते गैरवाजवी होतं, आणि त्यामुळेच दुखापत चिघळली हे सिद्ध झालं, तर नीट उपचार झाले असते तर जेवढी दुखापत राहिली असती तेवढीच धरायची. वाचायला न्याय्य. पण ‘वाजवी’ काय, हे कुणाच्या जागेवरून ठरवायचं? कंपनीच्या डॉक्टरनं ‘दोन दिवसांत कामावर या’ म्हणून चिठ्ठी दिली आणि माणूस भिऊन गावच्या डॉक्टरकडे गेला, तर त्याला हट्टी ठरवायचं? आणि ठेकेदारानं ‘पुढच्या ड्रेसिंगचे पैसे तूच बघ’ म्हटल्यावर ज्यानं ड्रेसिंगच सोडलं, तो ‘सूचना न पाळणारा’ ठरवायचा? कागदावरच्या तीन शर्ती, गैरवाजवीपणा, मुद्दामपणा आणि त्यानंच चिघळणं, मालकानं सिद्ध करायच्या आहेत. कामगारानं खुलासा करत बसायचं नाही. हे उलटं पालटं होऊ द्यायचं नाही, एवढंच वकिलाचं काम.

त्याच कायद्यात एक चांगली तरतूद २००९ ला आली. दुखापतीच्या उपचारांचा प्रत्यक्ष झालेला खर्च कर्मचाऱ्याला परत द्यायचा. त्यावर रकमेची मर्यादा नाही, आणि किती दिवसांपर्यंतचा खर्च, याचीही नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेचं, हाडात पू झाल्यावर सहा महिन्यांनी काढलेल्या रॉडचं बिलही त्याच दुखापतीचं आहे हे दाखवलं की मागता येतं. पट्ट्यातले ठेकेदारी कामगार मात्र पहिलं बिल भरलं की मालक सुटला असंच धरून चालतात, आणि मालकांना हा समज दुरुस्त करण्याचं काही कारण नसतं. मुख्य कंपनी ठेकेदाराच्या कामगारालाही जबाबदार असते, हेही असंच विसरलं जातं.

आता दुसरा रस्ता. कंपनी कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे लोकांच्या बोलीत ईएसआयमध्ये, असेल आणि पगार एकवीस हजारांच्या आत असेल, तर कामगार १९२३ च्या कायद्याखाली दावा लावूच शकत नाही. त्याला विम्याचाच मार्ग. अडारकर अहवाल १९४४ चा, बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार सदस्य, कायदा १९४८ चा, मुंबईत योजना १९५४ ला आली. इथे एकरकमी पैसे नाहीत. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाचे नव्वद टक्के मिळतात. कायमच्या अपंगत्वात त्याच नव्वद टक्क्यांतला टक्केवारीपुरता हिस्सा, तहहयात. रोज पाचशे आणि नुकसान १४ टक्के असेल तर ६३ रुपये दिवसाला. हसू येईल असा आकडा. पुष्कळ कामगार म्हणूनच ईएसआयला नाकं मुरडतात आणि ठेकेदाराच्या पाकिटावर विषय मिटवतात.

माझं मत त्यांच्या उलट आहे. ईएसआयच्या कायद्यात कलम ५५ आहे, आणि १९२३ च्या कायद्यात तसं काही नाही. मेडिकल बोर्डानं टक्के ठरवल्यानंतर दुखापतीचे परिणाम लक्षणीय आणि अनपेक्षितपणे बळावले, तर बोर्ड तो निर्णय पुन्हा तपासू शकतं. अंतिम निर्णयाला पाच वर्षं होण्याआधी, आणि हंगामी निर्णयाला सहा महिने होण्याआधी, वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाची परवानगी लागते, एवढंच. म्हणजे आज ९ टक्के धरलेली तर्जनी उद्या निकामी पंजा झाली, तर दार उघडं आहे. १९२३ च्या कायद्यात पुनर्विचार होतो तो फक्त दर पंधरवड्याला मिळणाऱ्या तात्पुरत्या भरपाईचा. एकरकमी दिली, घेतली, पावती झाली, की शरीर पुढे काय करतं याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. नव्या संहितेनं दोन्ही जुने कायदे एका पुठ्ठ्यात बांधले, पण हा फरक बुजवला नाही. संधी होती, गमावली.

ईएसआयचं दार उघडं असलं तरी ते आपोआप उघडत नाही. गिरण्यांच्या काळात कापसाच्या धुळीनं फुप्फुसं गेलेल्या कामगारांना बोर्डापुढे उभं करायला विजय कान्हेरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले, तेही आजार कायद्याच्या यादीत असताना. आता हरियाणातल्या मानेसर भागात ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगातल्या चिरडलेल्या हातांच्या नोंदी २०१९ पासून दरवर्षी ‘क्रश्ड’ या अहवालात मांडते. अपघाताआधी ईएसआयचं कार्डच हातात नसणं, अपघातानंतर घाईनं नोंदणी होणं, हे त्यात पुनःपुन्हा येतं. टीटीसीतल्या ठेकेदारीची चव वेगळी असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. अपघाताचा अहवाल, फॉर्म १२, मालकानं वेळेवर भरला का, त्यात हात ‘यंत्रात’ गेला असं लिहिलं का, हे पहिल्या आठवड्यात बघायचं असतं. माणूस तेव्हा भूल उतरून विव्हळत असतो.

आणि होडीवरचा भाऊ? त्याची कथा आणखी पातळ आहे. नाखवा, तांडेल आणि खलाशी यांचा हिशोब पगाराचा नसून वाट्याचा असतो: डिझेल, बर्फ वजा जाता उरलं त्यातला ठरलेला हिस्सा. असा खलाशी नोकर की भागीदार, या एका प्रश्नावर सगळा दावा लटकतो. नाखवा सख्खा चुलता असला तर दावा लागतही नाही. विंचमध्ये बोट गेलं, किंवा मघाशी सांगितलेल्या काट्यानं हात गेला, तर उरतो प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतला समूह अपघात विमा: मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व पाच लाख, अंशतः कायमचं अडीच लाख, रुग्णालयासाठी पंचवीस हजार. इथे टक्क्यांचा तक्ताच नाही, म्हणून गुंतागुंतीचा वादही वेगळा: काट्यानं झालेला जंतुसंसर्ग हा ‘अपघात’ की ‘आजार’? भाषा ज्याच्या हातात, त्याच्या बाजूनं उत्तर.

वेळ हाही पक्षकार असतो. १९२३ च्या कायद्यात दावा दोन वर्षांत लावायचा. हाडातला जंतुसंसर्ग दोन वर्षं दबून राहून तिसऱ्या वर्षी फुटू शकतो. सबळ कारण असेल तर आयुक्त, म्हणजे महाराष्ट्रात सहसा कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, उशीर माफ करू शकतात, आणि अशा प्रकरणात करायलाच हवा. पण दावा लागल्यावरही निकालाला किती वर्षं लागतात, ते धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात दिसलं. पहाटे तीनच्या पाळीला जाताना, कारखाना पाच किलोमीटरवर असताना, २२ एप्रिल २००३ रोजी तो अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये दिले, उच्च न्यायालयानं ते काढून घेतले, आणि सर्वोच्च न्यायालयानं ‘दैवशाला’ निकालात २९ जुलै २०२५ ला ते परत दिले. बावीस वर्षं. त्या खटल्यात वैद्यकीय गुंतागुंत काडीची नव्हती.

ठेकेदाराशी मिटवायचंच असेल तर एक गोष्ट कायदा कामगाराच्या बाजूनं करतो. मृत्यूची भरपाई वारसांच्या हातात थेट देऊन चालत नाही, ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. कायमच्या अपंगत्वाच्या एकरकमी तडजोडीची नोंद आयुक्तांकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली, फसवणूक किंवा दबाव दिसला, तर ते नोंद नाकारू शकतात. भरपाई सोडून देण्याचा करार कायद्यापुढे शून्य. पाकीट देऊन कोऱ्या कागदावर घेतलेली सही म्हणूनच फारशी टिकत नाही. बेलापूरहून ठाणे लोकल पकडून कामगार न्यायालयात जाणाऱ्या माणसानं ते पाकीट घेतलेलं असलं तरी लाजून मागे राहू नये. मिळालेली रक्कम फार तर वजा होईल, दावा मरणार नाही. फक्त टाके निघायच्या आत, सूज उतरायच्या आत ‘अंतिम’ टक्केवारीच्या दाखल्यावर सही करायची नाही. डॉक्टरला सांगायचं, तीन महिन्यांनी मूठ वळते का बघून लिहा. तोवर दर पंधरवड्याची पंचवीस टक्के तात्पुरती भरपाई मागायची, ती कायद्यात आहेच.